गाडीत बस, पण सिस्टर म्हणूनच

ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली आहे, वय २६. परभणीतल्या एका ३० खाटांच्या खासगी दवाखान्यात चार वर्षांपासून काम करते. पगार १४,००० आहे. मागच्या जानेवारीत रात्री गंगाखेड–परळी रस्त्यावर माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. मी गावाकडंच होते, म्हणून लगेच पोचले. मिळाली ती खासगी अ‍ॅम्ब्युलन्स घेतली. तिच्यात ड्रायव्हर आणि स्ट्रेचर, बाकी काही नाही. भावाचं मांडीचं हाड मोडलं होतं. परभणी येईपर्यंत मी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून बसले आणि रडत राहिले. वॉर्डात मी कधी गडबडत नाही, त्या गाडीत मात्र काहीच सुचलं नाही. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायचं. आता समृद्धी महामार्गाच्या बाजूला गाड्या चालवणाऱ्या एका एजन्सीनं जालन्यात ‘इएमटी’ (गाडीवरचा टेक्निशियन) म्हणून १९,००० देऊ केलेत. पण आधी त्यांच्याच ओळखीच्या संस्थेत ४५,००० भरून सहा महिन्यांचा कोर्स करा म्हणतात. मैत्रिणी म्हणतात, नर्स होऊन टेक्निशियन कशाला होतेस? आई म्हणते, बाईच्या जातीनं रात्री-अपरात्री रस्त्यावर काय काम? पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. काय करू?

– एक सिस्टर, परभणी

लेकी,

आधी त्या रात्रीचं बोलू. पत्रात तू नोकरीचं विचारलंयस, पण तुझा जीव अजून त्या गाडीतच अडकलाय.

मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंब दिसत नाही आणि आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त उतरू शकतं. मोडलेली टोकं प्रत्येक खड्ड्याला हलली की ते वाढत जातं. तू सगळा रस्ता तो पाय हलू दिला नाहीस. रडत का होईना, पण धरून ठेवलास. ते बरोबरच होतं. राहिलं ते एवढंच: दोन्ही पायांच्या मध्ये पांघरुणाची घडी घालून मोडका पाय चांगल्या पायाला ओढणीनं बांधायचा, बांधायच्या आधी आणि नंतर पावलावरची नाडी लागते का बघायची, अंगावर ऊब ठेवायची, आणि त्याच्याशी बोलत राहायचं म्हणजे शुद्ध कमी होतेय का ते कळतं. हे तुला कुणी शिकवलंच नव्हतं. जीएनएमच्या तीन वर्षांत आपल्याला प्रथमोपचार शिकवतात, पण हलत्या गाडीत एकटीनं काय करायचं ते शिकवत नाहीत. म्हणून ‘मी कच्ची नर्स’ हे मनातून काढून टाक. तसं समजून तू नोकरी बदललीस तर ती भरपाई म्हणून केलेली नोकरी होईल, आणि भरपाईवर माणूस फार दिवस टिकत नाही.

माझी तेहतीस वर्षं सरकारी नोकरी झाली, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. १९९६ साली मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात होते. संध्याकाळी कापसावर मारायचं औषध प्यालेली एक तरणी बाई आणली. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिन हे त्या विषावरचं औषध सुरू केलं आणि म्हणाले, अंबाजोगाईला न्यावं लागेल, मला इथून हलता येत नाही, सिस्टर, तुम्ही जा. मी बसले. गाव मागं पडलं आणि तिचा श्वास मंदावला. ऑक्सिजनचा सिलिंडर काठोकाठ भरलेला होता, पण त्याची चावी गाडीत नव्हती. एका हातानं मी अम्बू बॅग (श्वास देण्याची पिशवी) दाबत होते आणि दुसऱ्या हातानं सिलिंडरची मान चाचपत होते. शेवटी ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन पान्यानं तो उघडला. पुढं पन्नास मिनिटं बॅग दाबली, उजवा हात भरून आला की डावा. ती बाई नऊ दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेली. पण चावीशिवाय गेलेली ती पाच-सात मिनिटं मला आजही आठवतात. निवृत्त होईपर्यंत माझ्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात सिलिंडरची एक चावी असायची.

हे सांगते ते तू घाबरावंस म्हणून नाही. वॉर्डात तुझ्या पाठीशी माणसं असतात. आरएमओ म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर असतो, सिनियर सिस्टर असते, हाक मारली की वॉर्डबॉय-आया, आपले मामा-मावशी, येतात, भिंतीतून ऑक्सिजन येतो. रुग्ण तुझ्याकडं येतो तेव्हा त्याच्या कागदावर आजाराचं नाव लिहिलेलं असतं. गाडीत नाव लिहिलेलं नसतं. समोर माणूस, बाहेर अंधार, नातेवाईक काचेवर हात आपटतायत, आणि पहिल्या मिनिटात तुलाच ठरवायचंय की आधी वाहतं रक्त दाबायचं, घसा मोकळा करायचा की मान धरायची. हा निर्णय घेण्याची सवय वॉर्डात लागत नाही. ती कॅज्युअल्टीत लागते, आणि थोडीफार आयसीयूत. तू चार वर्षं कुठल्या विभागात काढलीस ते लिहिलं नाहीस. जनरल वॉर्डात काढली असशील तर थेट महामार्गावर जाऊ नकोस. मध्ये एक वर्ष कॅज्युअल्टीचं घाल. या सल्ल्यात मी तडजोड करणार नाही.

आता व्यवहाराचं. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांची. त्यातल्या २३३ प्रगत जीवनरक्षक, बाकी प्राथमिक. आणि आपल्याकडं १०८ मध्ये पहिल्यापासून डॉक्टर बसतो, बहुतेक वेळा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. म्हणून नर्सला तिथं सहज जागा मिळत नाही. १०२ ही बाळंतिणीची गाडी. तिच्यात ड्रायव्हर असतो, फार तर आशाताई सोबत येतात. नांदेडच्या पलीकडं तेलंगणात गोष्ट वेगळी आहे. हैदराबादला १०८ आली २००५ मध्ये, आणि तिथल्या गाडीत इएमटीच असतो. त्या जागांवर नर्सिंग झालेली मुलंमुलीही घेतात, पण तेलुगू यायला हवी. तेव्हा आपल्या मराठवाड्यात तुझ्यासारखीला गाडीचं दार उघडतं ते दोन ठिकाणी. एक, खासगी एजन्सी, जशी तुला बोलावणारी. दुसरं, संभाजीनगर, नांदेड, लातूरची मोठी रुग्णालयं, जी अत्यवस्थ रुग्ण किंवा नुकतं जन्मलेलं बाळ आणायला स्वतःची गाडी आणि स्वतःची सिस्टर पाठवतात. पहिल्या दाराची सगळ्यांना माहिती असते. दुसऱ्याबद्दल फार कुणी विचारतच नाही, आणि मला तुझ्यासाठी तेच दार योग्य वाटतं.

त्याचं कारण नीट ऐक. तुझ्या मैत्रिणी ‘टेक्निशियन’ या शब्दावर नाक मुरडतात, ते मला पटत नाही. चांगला इएमटी स्पाइन बोर्डवर (पाठीचा कणा न हलवता उचलायच्या फळीवर) माणूस ज्या सफाईनं घेतो ती आपल्यातल्या निम्म्या सिस्टरना जमायची नाही. नेदरलँड्समध्ये तर अ‍ॅम्ब्युलन्सवर नर्सच असते, आणि तिचा मान मोठा असतो. कमी-जास्त असं काही नाही. पण दोन्हींची रजिस्टरं वेगळी आहेत. तुझं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या रजिस्टरवर आहे. इएमटी, पॅरामेडिक हे व्यवसाय २०२१ च्या केंद्रीय कायद्यात येतात, त्यांचा आयोग वेगळा. तू नेमणूकपत्रावर ‘इएमटी’ म्हणून सही केलीस की पुढची दोन-तीन वर्षं तुझ्या अनुभवाच्या दाखल्यावर नर्स हा शब्दच येणार नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेत जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुझी चार वर्षं ३० खाटांच्या दवाखान्यातली, म्हणजे ती आताच तिथं मोजली जात नाहीत. त्यात गाडीवरची वर्षंही मोजली नाहीत तर तू तिशीला पोचशील, आणि त्या परीक्षेची खुल्या गटाची मर्यादा ३० च आहे. आखातात जायचं मनात आलं तरी तिथले लोक रुग्णालयातला नर्सिंगचाच अनुभव मागतात. राज्य सरकारच्या भरतीत वय थोडं सैल आहे, खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. स्टाफ नर्सची वेतनश्रेणी एस-१३, म्हणजे मूळ पगार ३५,४०० पासून. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीला गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत, तिथं सिस्टर लागणारच. आज १९,००० साठी ती वाट आपल्या हातानं बंद करू नकोस.

म्हणून माझं म्हणणं असं: गाडीत जा, पण पद ‘स्टाफ नर्स’ हेच राहू दे. ५० खाटांहून मोठ्या रुग्णालयात कॅज्युअल्टी नाहीतर आयसीयूला अर्ज कर. मुलाखतीतच सांग की वर्षभरानं मला रेफरच्या आणि ट्रान्सफरच्या, म्हणजे रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या गाडीवर पाठवा. असं स्वतःहून मागणारी सिस्टर फार कमी मिळते. बहुतेक जणी ट्रान्सफर म्हटलं की तोंड फिरवतात. उलट्या होतात, परत यायला पहाट होते, जेवण बुडतं, हे सगळं खरंच आहे. तू मागितलंस तर तुला नक्की पाठवतील.

४५,००० भरू नकोस. एवढं सरळ सांगते. जो नोकरी देतो तोच आधी पैसे मागून कोर्सला पाठवतो, तिथं कोर्स हाच धंदा असतो. तुला नव्यानं नर्सिंगचा पाया शिकायची गरज नाही, तुला गाडीचं आणि अपघाताचं शिकायचंय. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस (प्राथमिक जीवनरक्षणाचा कोर्स) एका दिवसात होतो आणि एसीएलएस (हृदयाच्या आणीबाणीचा पुढचा कोर्स) दोन दिवसांत. दोन्हींचं कार्ड दोन वर्षं चालतं. आधी बीएलएस कर. पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत पाच-सहा सेंटिमीटर दाब देताना दोन मिनिटांत दंड कसे भरून येतात ते कळलं की हलत्या गाडीतलं सीपीआर म्हणजे काय याचा अंदाज येईल. ईसीजी वाचता यायला लागला की एसीएलएस. मग अपघाताच्या रुग्णांसाठीचा आयटीएलएस किंवा पीएचटीएलएस. हे सगळं केलंस तरी तू सिस्टरच राहतेस, वर हात तयार होतात.

तरीही जालन्याच्याच जागेवर मन असेल तर निदान हो म्हणायच्या आधी एकदा जा आणि गाडी बघ. ऑफिस नको, गाडी बघ. मागचं दार उघडायला लाव. सिलिंडरची चावी कुठं आहे विचार. काटा बघ आणि हिशोब कर: बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असला तर साधारण १५०० लिटर. मास्कनं मिनिटाला १० लिटर दिले तर १५० मिनिटं, अडीच तास. परभणीहून संभाजीनगरचा रस्ता चार तासांचा धरला तर २४०० लिटर लागतील, म्हणजे एक सिलिंडर पुरत नाही. गाडीत दुसरा आहे का? सक्शन (घशातला स्राव ओढून काढणारं यंत्र) चालू करून तुझ्या हातावर लावून बघ, खेचतं का. अम्बू बॅगचा लहान मुलाचा मास्क आहे का? मानेचे पट्टे वेगवेगळ्या मापांचे आहेत का? बाळंतपणाचा किट उघडून बघ. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर, ऊसतोड्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांत) बाळं जन्मतात, आणि गाडीत नाळ बांधायला क्लॅम्प नसला की दोऱ्याची शोधाशोध होते. नवं बाळ गुंडाळायला कोरडा, स्वच्छ कपडा तरी आहे का बघ. गाडी कुठल्या प्रकारची म्हणून नोंदली आहे तेही विचार. आपल्या देशातल्या नियमात अ‍ॅम्ब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. सी म्हणजे बीएलएस (प्राथमिक), डी म्हणजे एएलएस (प्रगत जीवनरक्षक). बी प्रकारच्या साध्या ने-आण करणाऱ्या गाडीवर ‘कार्डियाक’ असं रंगवून काही होत नाही.

आणि त्यांना एक प्रश्न विचार, उत्तर देताना त्यांच्या तोंडाकडं बघत राहा. रात्री दोन वाजता शेतातून औषध प्यालेला माणूस उचललाय, फेस येतोय, ऑक्सिजन खाली चाललाय, पिशवीत अ‍ॅट्रोपिन आहे आणि फोनला रेंज नाही. मी काय करायचं? चांगल्या ठिकाणी लगेच सांगतील की डॉक्टरनं सही केलेले लेखी प्रोटोकॉल आहेत, कुठलं औषध किती आणि कधी ते त्यात लिहिलंय, अमुक डॉक्टर चोवीस तास फोनवर आहेत आणि रेंज नसली तर प्रोटोकॉलवर चालायचं. जिथं म्हणतील, ‘अहो सिस्टर, बघू की त्या वेळी, तुम्ही अनुभवी आहात’, तिथून पाणी पिऊन परत ये. उद्या तो रुग्ण दगावला तर त्या ‘बघू की’ची जबाबदारी तुझ्या एकटीच्या रजिस्ट्रेशनवर पडेल.

याच प्रसंगात तुझ्या अंगाचाही विचार कर. फवारणीच्या औषधानं भिजलेले कपडे आधी काढायचे, दोन हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची, रुग्ण डाव्या कुशीवर घ्यायचा, ओकारी काढायला जायचं नाही. बंद गाडीत तो वास तुलाही बाधतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का? झाले असतील तर एकदा रक्त तपासून अँटिबॉडी पुरेशा आहेत का बघून घे. पगार १९,००० असला तर तू ईएसआयच्या (कामगारांच्या आरोग्य विम्याच्या) मर्यादेत येतेस, ती २१,००० आहे. पीएफ आणि ईएसआय दोन्ही कापतात का, नंबर देतात का, ते कागदावर घे. पाच हजार जास्त मिळतील म्हणून गेलीस आणि कंबर धरली तर ईएसआय नसताना ते पाच हजार एमआरआयलाच जातात.

आता आईचं. आई जुन्या वळणाची आहे म्हणून तिला बाजूला सारू नकोस. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी हादरली तेव्हा मी नोकरीत नवीन होते. तिसऱ्या दिवशी आमची तिकडं ड्युटी लागली. माझी आई उंबऱ्यात उभी राहिली, म्हणाली, पोरीनं कशाला जायचं तिथं? मी बॅग भरत राहिले. थोड्या वेळानं तिनंच सात-आठ भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि पुन्हा एक शब्द बोलली नाही. तुझ्या आईलाही भीती आहे, आणि तिच्या भीतीत खरं काहीतरी आहेच. गाडी जिथं उभी असते तिथं बायकांना संडास आहे का, आतून कडी लागते का, रात्री पायलट, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, कोण असतो, ड्युटी संपल्यावर घरी कसं यायचं, हे प्रश्न ती नीट मांडू शकत नाही म्हणून ‘बाईच्या जातीनं’ म्हणते. तू हे प्रश्न एजन्सीला विचार आणि उत्तरं तिच्यासमोर ठेव. शक्य असेल तर तिला सोबत घेऊन जा. जमाव चिडतो, हेही तिला लपवू नकोस. आपल्या राज्यात २०१० पासून डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५०,००० पर्यंत दंडाचा कायदा आहे, जामीन सहज होत नाही. पण कायदा दुसऱ्या दिवशी कामाला येतो. त्या क्षणी पायलट कामाला येतो, म्हणून पायलट कसा आहे ते मी आधी विचारायला सांगते. माझ्या सगळ्या नोकरीत मला ज्यांनी सांभाळलं त्यात डॉक्टरांइतकेच ड्रायव्हर आहेत.

तुझ्या मुदतीबद्दल. पंधरा दिवसांत उत्तर पाहिजे ते एजन्सीला, तुला नाही. या आठवड्यात बीएलएसच्या तारखा विचार, तुझं परिषदेचं नूतनीकरण कधी आहे ते बघ, दर पाच वर्षांनी असतं आणि त्याकडं हमखास दुर्लक्ष होतं. नांदेड किंवा संभाजीनगरच्या दोन-तीन मोठ्या रुग्णालयांत कॅज्युअल्टीसाठी अर्ज टाक. परभणीपासून नांदेड जवळ, भावाकडंही येणंजाणं राहील. तिथून बोलावणं आलं तर जालन्याला नम्रपणे नाही म्हण. नाहीच आलं तर जालन्याला सांग की मी येते, पण कोर्सचे पैसे भरणार नाही आणि नेमणूकपत्रात ‘स्टाफ नर्स – अ‍ॅम्ब्युलन्स’ असं लिहा. त्यांना खरंच माणूस हवं असेल तर एवढं लिहायला त्यांचं काही जात नाही.

अजून एक. भावाशी त्या रात्रीबद्दल बोललीस का कधी? मला वाटतं नसशील. त्याला विचार, त्याला काय आठवतं. आणि त्याचा पाय आता कसा आहे, काठीशिवाय चालतो का, तेही पुढच्या पत्रात लिही.